चहाविरुद्ध मत देणारे शेख सर

शेख सरांना स्वतःच्याच चहाविरुद्ध मत देताना मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. सिंदेवाहीजवळच्या आमच्या शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवतात, मी गणित. मधल्या सुट्टीत चहा मागवावा, हा ठराव त्यांचाच. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. "विरोधात कोण?" सरांनी विचारलं. कोणीच नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा हात वर केला. "विरोधी बाक रिकामा ठेवू नाई भाऊ, लोकशाही बिघडते," म्हणाले, आणि चहा आल्यावर पहिला कप उचलला.

खिडकी उघडायची की नाही, फळा कोणी पुसायचा, सगळ्याला मतदान. एकदा वर्गात कुत्रं शिरलं. हाकलावं की राहू द्यावं, यावर दोन्ही बाजूंची भाषणं झाली. तोवर कुत्रं कंटाळून निघून गेलं. सरांनी तो सभात्याग म्हणून जाहीर केला. भिंतीपलीकडून 'अध्यक्ष महोदय' ऐकू येत असताना कोणी त्रिकोण शिकवून दाखवावेत.

यंदा सर निवृत्त होणार. घरीही मतदान झालं म्हणे. मुलगा, सून, मुलगी एका बाजूला: इथलं घर विकायचं, अब्बांनी नागपूरला यायचं. "मी एकटा विरोधात. सपशेल पडलो भाऊ," हे ते निवडून आल्यासारखं सांगत. "बहुमत म्हणजे बहुमत." घर पाहायला गिऱ्हाइकंही येऊ लागली.

मार्चात ऊन तापलं आणि नववीच्या जादा तासाची वेळ ठरवायची निघाली. तास माझा, मतदान अर्थातच त्यांचं. सकाळी सहाला भराभर हात वर झाले. विरोधात एकटी सुनीता मडावी, जंगलातल्या गावाहून येणारी.

"ठराव मंजूर," सर म्हणाले. वर्ग उठला. सुनीता बसूनच.

"ऊठ ना बाई."

"आमच्या गावात एक जन बी नाई म्हनला तं सभेतून कोनी उठत नाई, सर. त्याले इचारतेत, काऊन नाई म्हनतेस."

सर थबकले. मग खुर्चीत बसले, तसा वर्गही बसला. "सांग मंग. काऊन?"

"सकाळी आमी मोहफुलं येचतो. उशीर झाला का ढोरं खाऊन टाकतेत."

मागच्या बाकावरून दोन पोरं पुटपुटली, "आमी बी." सगळ्यांनी केले म्हणून त्यांनीही हात वर केले होते. अखेर तास दुपारी ठरला. माझी तेव्हा झोपेची वेळ, पण सुनीताच्या तोंडाकडे पाहून मीही मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही सोबत घरी निघालो, आणि वाटेत सरांनी कशावरच मतदान घेतलं नाही. हे आजवर घडलं नव्हतं. त्यांच्या फाटकाशी आलो तेव्हा म्हणाले, "भाऊ, आमच्या घरी मले कोणी काऊन म्हणून विचारलंच नाई."

"मी विचारतो. का नाही म्हणालात?"

"तुमच्या वहिनी इथी हायेत ना."

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. घरामागच्या वाटेवर कब्रस्तान आहे.

"रोज सकाळी जातो. शाळेत काय काय झालं ते सांगतो तिले. त्या कुत्र्याचं तं दोनदा सांगितलं. नागपूरहून कसा येऊ रोज?"

इतकी वर्षं या माणसाला मी हसत होतो. "आत्ताच्या आत्ता मुलाला फोन लावा," मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी लावला. पलीकडून 'हां अब्बा' ऐकू आलं. साऱ्या शाळेला भाषणं करायला लावणाऱ्या शेख सरांनी ना प्रस्तावना केली, ना ठराव मांडला. एवढंच म्हणाले, "बेटा, तुह्या अम्मीले इथी एकटी टाकून मी कसा येऊ रे?"