पाळण्यांत शेला बसविला त्याची हकीकत

॥ श्री ॥ आधीं दोरास, मग दरीस, मग दरीपलीकडील देवीस, ऐसा ज्या राज्यांत नमस्काराचा क्रम, तेथील हें वर्तमान. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, कार्तिक मास. त्या समयीं दोरखान्याच्या मालकीण साळूबाईंस काय मिळावयाचें होतें तें आधीं मांडोन ठेवितों, म्हणजे पुढें कोणीं काय भरलें याचा मेळ घालतां येईल. राजधानी उंच पठारावरी, भोंवती सरळ तुटलेला कडा, पायवाट नाहीं. धान्य, मीठ, नवरी, भटजी, जें वर चढावयाचें तें लांकडी पाळण्यांत बसोन, दोरानें ओढोन चढावयाचें. पाळणा चढे त्या जागेस घाट म्हणत. एका घाटाचा दोर साळूबाईंच्या दोरखान्याचा, बाकी घाटांचे इतरांचे. आतां दरबारीं मनसुबा जाहला कीं अवघ्या घाटांचा मक्ता एके हातीं द्यावा, आणि तो साळूबाईंस द्यावा. मक्त्यासवें पालखीचा मान मिळे. आणि नवरा वारला तेव्हां ज्या जावांनीं 'बाईमाणसानें सूत कातावें, दोर कशास वळावा' म्हणोन नाकें मुरडलीं, त्यांच्या दारावरोन ती पालखी न्यावयास मिळे. ही शेवटली बाब सनदेंत नव्हती, परंतु बाईंनीं सर्वांत आधीं मोजिली ती हीच.

दोरखान्याची चाल ऐसी कीं, नवा दोर चढला म्हणजे पाळण्यांत पहिला मालक बसे, तळास जाऊन वर येई, मग इतरांनीं बसावें. सासरे बसले, नवरा बसला, आणि नवरा तापानें गेल्यावर साळूबाई पदर खोंवोन बसों लागल्या. पहिले वेळीं डोळे मिटोन बसल्या आणि तळास पोहोंचतांच ओकल्या, तरी दुसरे वेळीं बसल्या. जीव आपला म्हणोन नजर तीक्ष्ण: अंबाडी पाण्यांत पुरती भिजली कीं नाहीं, धागा कोठें विरळ, पीळ कोठें सैल, हें बोट फिरवोन पाहत, आणि मनास न आलें तर अख्खा दोर उकलावयास लावीत. कारागीर मागें पुटपुटत, परंतु त्या घाटीं माणूस पडल्याचें कोणाचे ऐकिवांत नव्हतें. मुख्य पिळणारा हैबती, सासऱ्यांचे वेळचा, तोंडाचा तिखट. तो म्हणे, "बाई, तुमी भिता ते बरं हाय. आमचं काम सुधारतंया."

मग दरबारचे कारखानीस रंगोपंत सनद व जरीचा शेला घेऊन दोरखान्यांत आले, आणि गूळपाणी जाहलें, आणि पंतांनीं हळूच शिरस्ता काढिला कीं, पालखीचा धनी मालाच्या पाळण्यांत बसत नाहीं. मिठाच्या गोणीशेजारीं तो लोंबकळला तर दरबारास कमीपणा. बाई बोलिल्या कीं आमची चाल मोडते. पंत हंसले.

"मोडूं नका, बाईसाहेब. सरदार मोहिमेवर असला म्हणजे त्याची तलवार पाठवोन लग्न लागतें कीं नाहीं? तलवार नवरदेव होते, तर शेला मालक कां न व्हावा?"

हें बोलणें साळूबाईंस गोड लागलें. त्यांनीं मनाशीं ताळा केला कीं, चालही राहते आणि पालखीही येते. आणि भीत भीत दरींत उतरावें लागे, तें यापुढें लागणार नाहीं, हेंही त्यांत धरिलें. मग मक्ता घेतला, आणि मार्गशीर्षांत देवीची जत्रा, तींत सर्व घाटीं नवे दोर पाहिजेत म्हणोन घाई जाहली, आणि डोहांतली अंबाडी लवकर काढिली. हैबतीनें ती दांताखालीं धरोन पाहिली आणि म्हणाला कीं अजून पाणी पाहिजे, आंत कच्ची हाय. साळूबाई त्या समयीं पालखीच्या गोंड्यांचा रंग पसंत करीत होत्या. मान न वळवितां बोलिल्या, "शेला बसणार आहे, हैबतीबाबा. शेल्यास काय होतें?" कारागीर हंसले आणि दोर वळूं लागले.

जत्रेच्या आदले दिवशीं वाजंत्री लागली, आणि घाटोघाटीं शेला गादीवर ठेवोन पाळण्यांत बसविला, आणि तो तळास गेला, वर आला, घडीही मोडली नाहीं, आणि रंगोपंतांनीं दोर पसंत म्हणोन अक्षता टाकिल्या. मग साळूबाईंची पालखी जावांच्या दारावरोन गेली. जावा दारांत उभ्या नव्हत्या, एवढीच उणीव राहिली.

दुसरे दिवशीं सकाळीं चवथ्या घाटीं बाया ओटीचीं ताटें घेऊन खालीं जावयास पाळण्यांत बसल्या होत्या, तेथें हैबती आला आणि त्यांस उतरा म्हणाला. "दोरखान्याचं कुणी बसल्याबिगर ह्यो पाळणा हलायचा न्हाई." पहारेकऱ्यानें दटाविलें कीं काल शेला बसला. हैबती म्हणाला, "शेल्याला हाडं असत्यात का?" आणि आपणच बसला. पाळणा अर्ध्यांत गेला, आणि कच्ची अंबाडी तेथें सुटली, आणि दोर तुटला. तळाशीं करवंदीची जाळी होती म्हणोन जीव वांचला. दोन्ही पाय गेले. मग बाईंनीं पूर्वीं स्वतः बसोन पारखिलेला जुन्या घाटाचा दोर उतरवोन ठेविलेला होता, त्यानें त्यास वर आणिलें. बाया ताटें हातांत धरोन उभ्याच होत्या.

दुपारीं रंगोपंत आले. हळहळले, आणि मग कामाचें बोलिले: हैबती म्हातारा, नजर मंद, पीळ चुकला, इतकें बाईंनीं दरबारीं सांगावें. मक्ता राहील, पालखी राहील. "तो तर पडलाच. आतां तुम्हीं आपण होऊन पडलां, तर दोरखान्यावर जीं घरें जेवतात त्यांनीं काय खावें? तत्त्व उकडोन खावें?" हें बोलणें खोटें नव्हतें, म्हणोनच जड. साळूबाई तेथोन उठोन हैबतीचे घरीं गेल्या. तो शुद्धीवर होता. दरबारची वार्ता त्याचे कानीं आधींच पोहोंचली होती.

"सांगा तसं," तो म्हणाला. "माझं आता काय वाकडं व्हायचं? पाय तर गेलं. पन पीळ चुकला म्हनू नका, बाई. दारू पिऊन झोपलो व्हतो म्हना. त्ये चालंल."

साळूबाई उठल्या आणि पायींच दरबारीं गेल्या. तेथें शेला गादीपुढें ठेविला आणि बोलिल्या, "पीळ चोख होता. अंबाडी कच्ची होती, आणि ती कच्ची आहे हें मला सांगितलें होतें. शेल्यास काय होतें, हें मी बोललें." पंतांनीं खालीं पाहिलें.

मग मक्ता गेला, पालखी गेली, बाईंचे सर्व नवे दोर उतरवोन जाळले. कारागीर दुसरीकडे गेले, आणि जातां जातां एक जण म्हणाला कीं, बाईचं मन मोठं, आणि पोट आमचं रिकामं. बाई पौषभर अंथरुणास खिळोन राहिल्या. थोरली जाऊ रोज भाकरी आणोन ठेवी, रोज टोमणा मारी, आणि बाई जेवल्याखेरीज उठत नसे. माघ लागतां साळूबाई उठल्या, डोहांत उतरल्या, आणि स्वहस्तें अंबाडी भिजत घातली. हैबती पायांवर गोधडी घेऊन अंगणांत बसे आणि पीळ देई. पायांवांचोन हात चालत होते. दोघांत बोलणें थोडें होई, तेंही अंबाडीविषयीं.

फाल्गुनांत दोर तयार जाहला. दरबारानें जुना घाट तेवढा बाईंकडे ठेविला होता, तेथें दोर चढविला, आणि गांव पाहावयास आला, त्यांत पडण्याची वाट पाहणारेही होते. साळूबाई पाळण्यांत बसल्या आणि उतरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उतरल्या. लोक हंसों लागले. हैबतीस चौघांनीं उचलोन कड्याशीं बसविलें होतें.

"भ्या वाटतंया?" त्यानें पुसिलें.

"वाटतें. पूर्वीं इतकें वाटत नव्हतें."

"पूर्वी कुणी पडल्यालं बघितलं नव्हतं तुमी," तो म्हणाला. "बसा. दोर बरा हाय. भ्यालेल्या माणसानं केलाय."

साळूबाई बसल्या, या वेळीं डोळे उघडे ठेवोन. तळास गेल्या, करवंदीची मोडलेली जाळी दूर दिसली, आणि पहिले वेळेसारख्याच ओकल्या, आणि तोंड धुवोन वर आल्या. मग लोक बसों लागले. आधीं थोडे, मग रांग लागली.

एवं वर्तमान. मेळ घालतां ऐसें दिसतें: रंगोपंतांनीं कांहीं भरलें नाहीं, त्यांची बढती जाहली. मक्ता दुसऱ्यास गेला. त्याचा शेला अद्याप पाळण्यांत बसतो, आणि त्या घाटांचा हिशेब उघडाच आहे. कारागिरांनीं एक हिंवाळा भरला. साळूबाईंनीं पालखी भरली, त्याबद्दल लोक त्यांस वाखाणितात, म्हणजे कांहीं अंशीं परत आलें. हैबतीनें पाय भरले. परत कांहीं आलें नाहीं. कोणी साळूबाईंचे सचोटीचें कौतुक करूं लागला तर त्या त्यास थांबवोन सांगतात कीं, चूक माझी, भरणा हैबतीबाबांचा. मी हिशेबांतलीं नांवें तेवढीं बदलूं दिलीं नाहींत.