आधी तुझं डोकं

आमच्या शेजारच्या इर्माबाईंच्या केसांना हात लावायचा असेल, तर आधी आपलं डोकं त्यांच्या ताब्यात द्यावं लागतं. हा त्यांचा नियम. तो मला कोणी वेळेवर सांगितला असता, तर इथे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनमधल्या पहिल्याच आठवड्यात माझी भर दारात शोभा झाली नसती.

नवीन घर, नवीन शेजार, म्हणून रीतीप्रमाणे मी चकल्यांचा डबा घेऊन गेले होते. दार उघडलं. समोर सत्तरीची, उंच, काळीभोर बाई आणि तिच्या डोक्याभोवती राखाडी केसांचा असा घेर, की दाराची चौकट कमी पडावी. माझा हात आपोआप वर गेला. खरंच सांगते, मी तो उचलला नव्हता. बाईंनी मनगट मधल्यामधे पकडलं.

"आधी तुझं," त्या म्हणाल्या.

आणि डब्यासकट मला गर्रकन वळवून त्यांनी माझा अंबाडा सोडला. शेपटा तळहातावर घेतला, कोथिंबिरीची जुडी तोलावी तसा तोलला.

"हं. एवढंच?"

एवढंच! पुण्यात कॉलेजला असताना माझा शेपटा कमरेखाली होता, हे त्यांना कोण सांगणार? इथे आल्यावर गळायला लागले. इथली प्रत्येक मराठी बाई म्हणते की पाण्याचा दोष आहे. मीही म्हणते. मात्र त्याच पाण्यात साठ वर्षं न्हाऊन या बाईच्या डोक्यावर एवढं रान कसं माजलं? मला मत्सर वाटला. चकल्यांचा डबा तिथेच ठेवून मी घरी आले आणि आरशासमोर बराच वेळ उभी राहिले.

(आमचं बोलणं डच आणि इंग्रजीच्या खिचडीत चालतं. इथे मी ते मराठीत वाढते आहे.)

इर्माबाई नऊ वर्षांच्या असताना दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामहून इकडे आल्या. आयुष्यभर त्यांनी आइंडहोवनच्या रस्त्यांवर बस चालवली. ड्रायव्हरचं डोकं म्हणजे मागून येणाऱ्याच्या अगदी हाताशी. शाळेची पोरं बोटं खुपसायची, म्हाताऱ्या "खरे आहेत का हो?" म्हणून चिमटीत धरायच्या. बाईंची रीत ठरलेली. पुढच्या थांब्यावर बस उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, उठून मागे जायचं आणि म्हणायचं, "आता तुझं." अख्खी बस थांबून राहायची. एकदा एका सुटाबुटातल्या साहेबांचा टोपच हातात आला. बाईंनी तो झटकला, साहेबांच्या डोक्यावर नीट बसवला, आणि बस सोडली.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, डोकी राहतात. पोस्टमन म्हणजे 'गवताची गंजी'. माझा नवरा समीर म्हणजे 'दोन खिडक्या', कारण त्याचं कपाळ दोन्ही बाजूंनी वर सरकत चाललं आहे. मी 'शेपटी'. उंदराची, हे त्या सांगत नाहीत, पण मला कळतं.

त्यांच्या बैठकीत भिंतीवर भावंडांचा एक फोटो आहे. कोणी केसांबद्दल अडाणी प्रश्न विचारला, की त्याला कॉलर धरून त्या फोटोसमोर उभं करण्यात येतं. तो प्रश्न एकदा मीच विचारला. म्हणजे विचारला होता माझ्या मैत्रिणीने, गणपतीच्या आरतीनंतर, कुजबुजत: "ते लोक केस धुतात का गं?" मी नुसता पोचवला. त्यात काळ्या माणसांच्या केसांना सरसकट 'आफ्रिकी केस' म्हणायचं, ही भर मात्र माझी.

"पाच भावंडं," फोटोवर बोट आपटत इर्माबाई म्हणाल्या. "आई एक, बाप एक. हिचे बघ, नुसती लाट. याचे पेनातल्या स्प्रिंगसारखे. हा धाकटा, याचे मऊ, बाळाच्या जावळासारखे, शेवटपर्यंत तसेच राहिले. ही लुशिया, हिचे सरळच. आणि ही मी. आता सांग, यातले आफ्रिकी केस कुठले? पाचही डोकी काळ्यांचीच आहेत."

मी म्हटलं, "तुमचे सगळ्यात दणकट दिसतात."

झालं. तेही चुकलं.

"दणकट! सगळ्यांना असंच वाटतं. तारेचे आहेत, ओढा हवे तेवढे, काही होत नाही. अगं, सगळ्यात नाजूक हेच. प्रत्येक वळणावर तुटतात. कोरडे विंचरले की तुटतात. घाई केली की तुटतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडे आल्यागेल्या मावश्या म्हणायच्या, लुशियाचे केस चांगले, इर्माचे वाईट. फोटो काढताना लुशिया पुढे. मी बघ कुठे आहे."

त्या मागच्या रांगेत होत्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला.

"केस चांगले-वाईट कसे असतील? त्यांनी कोणाचं काय केलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीतल्या सगळ्यांना पाठ आहे.

इथपर्यंत माझा मत्सर तसा निरुपद्रवी होता. दुसऱ्या बाईचे केस दाट असले तर पोटात दुखणारच, त्यात काय मोठंसं. खरा मत्सर माझ्या मुलीवरून सुरू झाला.

ओवी अकरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. केस तिने वडिलांच्या घराण्याचे घेतले आहेत, कुरळे आणि बंडखोर. दर रविवारी मी तिला दोन गुडघ्यांच्या मधे जमिनीवर बसवायची, हीटरवर ठेवून पातळ केलेलं खोबरेल चोपडायची आणि दोन घट्ट वेण्या घालायची. ती रडायची, मी ओढायची. तिचं रडणं डचमध्ये, माझं ओरडणं मराठीत. पण तो अर्धा तास आमचा होता. आठवड्याभराच्या ऑफिसात, शाळेत, सायकलवर तिच्या अंगाला माझा हात तेवढाच लागायचा.

मग ती बुधवारी इर्माबाईंकडे जायला लागली. बुधवारी शाळा दुपारीच सुटते, आम्ही दोघं कामावर, बाई घरात. सोयीचं होतं. पहिल्या बुधवारी ती परत आली तेव्हा मी दारात थबकले. एकेक कुरळी बट सुटी, चमकदार, खांद्यावर हलतेय. अकरा वर्षं माझ्या हाताखाली असलेलं ते डोकं इतकं सुंदर आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "हे काय झिंज्या सोडून आलीस?"

त्यानंतर आमच्या घरात तांते इर्माचं पुराण सुरू झालं. तांते म्हणजे मावशी. तांते इर्मा म्हणते कोरडे विंचरायचे नाहीत. तांते इर्मा म्हणते आधी टोकं, मग मुळं. तांते इर्मा ओढत नाही. मी रात्रंदिवस कॉम्प्युटरमधल्या चुका शोधून पोट भरते, आणि घरी माझ्या चुकांची यादी रोज वाचून दाखवली जात होती.

त्यात भर म्हणजे खोबरेलाची बाटली हीटरवरून गायब व्हायला लागली. परत यायची ती अर्धी होऊन. मी समीरला धरलं. "खिडक्यांना लावतोस ना चोरून?" तो बिचारा शपथा घेत होता. मी काही विश्वास ठेवला नाही.

आणि एका रविवारी ओवी बसेचना. मी जमिनीवर थोपटत होते, ती लांब उभी.

"नको. तुला येत नाही. तांते इर्माला येतं." हे नेहमीच्या डचमध्येही नाही, थेट इंग्रजीत, म्हणजे निकाल लागल्यासारखं.

हाताला तेल तसंच होतं, ते मी माझ्याच डोक्याला फासलं. पण पुढचे तीन दिवस माझ्या मनात इर्माबाईंशी भांडण चालू होतं. माझी मुलगी, माझं तेल, माझा रविवार. यांचं स्वतःचं घर भरलेलं नाही म्हणून यांनी माझं रिकामं करायचं? असं सगळं. वाक्यं मी डचमध्ये पाठसुद्धा केली. बुधवारी डोकं दुखतंय असं सांगून अर्ध्या दिवसात ऑफिसातून निघाले आणि सायकल तडक त्यांच्या दाराशी आणली.

इथल्या घरांना पडदे ओढायची पद्धत नाही. बैठकीची भलीमोठी काच, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतं. मी सायकलला कुलूप लावता लावता आत पाहिलं आणि तशीच वाकून राहिले.

खाली जमिनीवर उशी टाकून इर्माबाई बसल्या होत्या. वर सोफ्यावर ओवी. बाईंचं डोकं ओवीच्या दोन गुडघ्यांच्या मधे. शेजारी माझी खोबरेलाची बाटली.

बागेकडचं मागचं दार उघडंच असतं. मी तिकडून गेले. आत ओवीचा आवाज येत होता. मराठीत.

"मान खाली. हलू नकोस. झालंच, झालंच."

माझी वाक्यं. माझाच सूर, माझी 'झालंच'वरची तीच थाप. फक्त ओढणं नव्हतं. ती एक एक बट बोटांवर तेल घेऊन, टोकाकडून, इतकी सावकाश सोडवत होती की मला श्वास घ्यायची भीती वाटली.

इर्माबाईंनी मला पाहिलं. उठल्या नाहीत. उठता आलंही नसतं, ओवीने मान धरून ठेवली होती.

"ये, शेपटी. तुझी मुलगी म्हणते 'झालंच', आणि मग अर्धा तास लावते. कुठे शिकली कोण जाणे."

पाठ केलेल्या डचमधला एकही शब्द मला आठवेना. मी विचारलं, "हे कधीपासून?"

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. आयुष्यभर बसचं चाक धरलेली ती बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. मी इतके दिवस त्यांचे केस पाहत होते, हात पाहिलेच नव्हते. "पुढचं माझं मला जमतं. मागे हात पोचत नाही. इथल्या सलूनमधली मुलगी माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, सरळ करून टाकूया का? मी उठून आले. मग मागचा गुंता तसाच. ही पहिल्या दिवशी आली आणि केसांना हात लावू का म्हणाली. मी म्हटलं, आधी तुझं. हिचं डोकं मी बघितलं. मग हिने माझं बघितलं, मागून. म्हणाली, तांते, इथे तर कोणीच येत नाही वाटतं."

ओवीने मान खाली घातली आणि कामाला लागली.

"पहिल्याच दिवशी ही मला म्हणाली, आईच्या मते माझे केस वाईट आहेत," इर्माबाई म्हणाल्या. "फोनवर आजीला सांगत होतीस म्हणे."

मी सांगत होते. मराठीत, तिच्यासमोर, तिला काय कळतंय अशा थाटात. 'बाकी सगळं माझं घेतलंन गं, केस तेवढे वाईट घेतले.' लाजेने माझे कान तापले.

"मी म्हटलं, माझ्याही आईच्या मते होते. पण तीच आई दर शनिवारी दोन-दोन तास ते वाईट केस विंचरत बसायची. असंच, गुडघ्यात धरून. ती गेली." बाईंनी हात मांडीवर घेतले. "त्यानंतर सगळ्यांनी हात लावला. विंचरले कोणी नाहीत."

बसमधली ती सगळी बोटं मला आठवली. माझा चकल्यांच्या डब्यावरून वर गेलेला हातही.

ओवीच्या मांडीजवळ बसून मी म्हटलं, "या बाजूचं मी करू का? टोकाकडून करीन. ओढणार नाही."

इर्माबाईंनी डोळे मिटले होते. मला वाटलं हो म्हणतील. पण नियम तो नियम.

"आधी तुझं," त्या म्हणाल्या.

मी निमूटपणे त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसले, पाठ त्यांच्याकडे करून. त्यांनी अंबाडा सोडला, या वेळी काही तोललं नाही. वाकडी बोटं माझ्या टाळूवर आली. लग्नानंतर माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणी तेल लावलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं, आणि डोळे भरून आले म्हणून मी वळायला गेले.

"हलू नकोस," इर्माबाई म्हणाल्या. चक्क मराठीत.

आणि त्यांच्या डोक्यावरून वाकून, तेलाची बाटली पुढे करत माझी मुलगी म्हणाली, "आई, मान खाली. झालंच."