मिट पुस्तक, आता सांग

या, अशा जवळ सरकून बसा. आणि तो मोबाइल आधी पालथा ठेवा बघू. मी बोलतेय आणि तुमचा अंगठा आपला चालूच! दिवसभर ढीगभर वाचता, आणि सकाळी काय वाचलं विचारलं की कपाळाला आठ्या. तुमचा तरी काय दोष म्हणा. तुम्हाला आमचे दामू भावजी भेटले नाहीत ना, म्हणून.

दामू भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेणव्याला त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक तुळस आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच अंतर. या माणसाला एकच खोड. कुणी काही वाचत असलं की ते मिटायचं. वर्तमानपत्र असो, खताच्या पिशवीवरची माहिती असो, औषधाच्या बाटलीचा कागद असो. हात घालून मिटणार आणि म्हणणार, "मिट! आता सांग."

मागे माझ्या हातात एक लग्नपत्रिका होती. मी अजून 'श्रीकृपेकरून'पर्यंत पोचले नव्हते तोच यांनी ती ओढली.

"मिटा वहिनी. सांगा, हळद कधी, लग्न कुठं?"

"अवो भावजी, मी आत्ता कुठं गणपतीचं चित्र बघतेय!"

"मग चित्राचं सांगा. सोंड कुठल्या बाजूला?"

आता आली का पंचाईत! गणपती बघितला, हात जोडले, सोंड कोण बघतं? तेव्हापासून मी कुठल्याही पत्रिकेत आधी सोंड बघते.

पूजेला आलेल्या भटजींचीही पोथी त्यांनी एकदा मिटली होती. भटजींनी शंख वाजवून वेळ मारून नेली. टोकावड्याला एका नातेवाइकाकडे निघालो होतो, वाटेत ढाब्यावर थांबलो. वेटरने कार्ड आणून दिलं. भावजींनी ते मिटून परत त्याच्या हातात ठेवलं.

"तू सांग, काय काय हाय?"

"काका, कार्डात हाय ना सगळं."

"कार्डात हाय ते मला दिसतंय. तुझ्यात काय हाय ते सांग."

तो बिचारा शेवभाजीच्या पुढे सरकेना. भावजींनी त्याच्याकडून तिथल्या तिथे तीनदा म्हणवून घेतलं, येताना मुद्दाम गाडी थांबवून परत विचारलं. आता तो वेटर एका दमात सगळं म्हणतो, पापडापर्यंत. मध्येच तोडलं तर मात्र पहिल्यापासून सुरू करतो.

हे वेड आलं कुठून, ते सांगते. भावजी तीस वर्षं शाळेत शिपाई होते. पोरं त्यांना 'मामा' म्हणत, जसं सगळ्या शाळांत म्हणतात. गाव म्हणायचं दामू शिपाई. शिक्षण दहावी नापास. तेही थोडंथोडकं नाही, तीन वेळा. आणि अभ्यास न करता नव्हे बरं का! इतिहासाचं पुस्तक त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की त्याची शिवण उसवून पानं सुटी झाली होती. सासूबाई म्हणायच्या, "माझा दामू बसला की उठत नाय." पण पेपरला बसला की लिहीतही नसे.

"वहिनी," ते मला एकदा म्हणाले, "पुस्तक समोर असलं की मला सगळं यायचं. पेपरात नेमकं पुस्तक समोर नसतं."

मग शाळेत लागले. घंटा द्यायची, पाणी भरायचं, आणि मधल्या वेळात वर्गाच्या दाराशी स्टुलावर बसायचं. तिथे बसून त्यांनी जे पाहिलं ते आतल्या कुणी पाहिलं नाही. गुरुजी विचारत, "समजलं का?" सगळा वर्ग ओरडे, "हो!" आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी भावजींनी विचारलं की त्याच वर्गाच्या तोंडाला कुलूप. पण ज्या पोरांना ते रोज विचारत, ती पोरं हळूहळू बोलायला लागली. तोच वर्ग, तेच गुरुजी. फरक फक्त टाकीचा.

पुढे कधीतरी शाळेत मास्तरांचं प्रशिक्षण झालं. शहरातून आलेल्या बाई सांगत होत्या, की नुसतं परत परत वाचल्याने येतंय असं वाटतं, पण राहत नाही. पुस्तक बंद करून आठवावं, मध्ये दिवस जाऊ द्यावेत आणि पुन्हा आठवावं, तर राहतं. मोठमोठ्या लोकांनी हे तपासून पाहिलंय म्हणे. भावजी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभे. तसेच उभे राहिले, चहा निवला. घरी येऊन म्हणाले, "वहिनी, ते मोठे लोक आणि मी एकाच टाकीवर पाणी प्यायलोय."

माझा मात्र विश्वास नव्हता. मी म्हटलं, चार वेळा वाचलं की काहीही पाठ होतं. भावजींचं दुसरं पालुपद लगेच बाहेर आलं, "पुरावा काय?"

मग त्यांनी बचत गटाच्या बैठकीत आम्हा बायकांवरच प्रयोग लावला. अंगणवाडीतल्या नव्या पोरांची नावं एका कागदावर लिहून आणली. आता हल्लीची नावं तुम्हाला ठाऊकच आहेत. आराध्या, अद्विका, अन्विता, अर्णव, आरव! सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी. अर्ध्या बायकांनी यादी चार वेळा वाचायची. अर्ध्यांनी एकदा वाचून मिटायची आणि आठवतील तेवढी एकमेकींना सांगायची, मग उघडून चुका बघायच्या, परत मिटायची. मी वाचणाऱ्यांत. आमचं काम झोकात चाललं होतं. समोरच्या 'मिटणाऱ्या' नुसत्या अडखळत होत्या, एकमेकींना हसत होत्या. मी म्हटलं, जिंकलो!

आठ दिवसांनी, नळावर हंडे लावलेले असताना, भावजी हजर. "हं, सांगा नावं." मिटणाऱ्या बायकांनी धडाधड सांगितली. आमच्या बाजूला नुसता आ. आ म्हणजे नावाचा पहिला आ, आणि तोंडाचाही. माझी धाकटी सून तिकडच्या बाजूला होती. ती पदराआड हसली ते मी अजून विसरले नाही. बघा, ते बरं लक्षात राहिलं!

अशा माणसाच्या हाती माझी नात पडली. सायली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला दोनदा बसली, दोनदा राहिली. पोरगी हुशार, कष्टाळू. चार रंगांच्या पेनांनी पुस्तक असं रंगवायची की रंगपंचमी झाली म्हणावं. दुसऱ्यांदा राहिली तेव्हा म्हणाली, "आजी, आता शेवटची एकदा बसते. नाय झालं तर आसनगावला कंपनीत पॅकिंगला जाते." तिने ते इतक्या शांतपणे सांगितलं, की त्यापेक्षा तिचं रडणं मला परवडलं असतं.

भावजी दोरीखालून वाकून आले. "पोरीला माझ्याकडं द्या."

त्यांच्या घरात भिंतीवर एक खिळा आहे. त्या खिळ्याची गोष्ट अशी, की आमची पारू, म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ, सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हा माझ्या मालकांनी तो खिळा ठोकला, पारूचा फोटो लावायला. मूलबाळ नाही, घरात निदान फोटो तरी असावा. पण भावजींनी फोटो लावलाच नाही. सगळं गाव बोललं. मीही बोलले. भावजींनी त्या खिळ्याला कापडी पिशवी अडकवली. सायली आली तेव्हा त्या पिशवीत त्यांनी जुन्या कॅलेंडरचे कपटे भरले, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. हाडं, रक्त, गणित, इंग्रजी, सगळं एकात कालवलेलं.

"बारके आजोबा, एक विषय तरी पुरा होऊ द्या ना!" सायली वैतागायची.

"पेपरात येतात का एका रांगेत? घाल हात पिशवीत."

आणि एकदा आलेलं उत्तर सोडायचं नाही. आज विचारलं की परवा, मग आठ दिवसांनी, मग अमावस्येला. मी म्हटलं, "अवो, आलंय ना तिला, कशाला छळता?"

"वहिनी, लावणीला सगळी रोपं एकाच जागी खोचता का? अंतर ठेवता ना? थोडं विसरू द्यायचं तिला. मग विचारायचं. तेव्हा डोक्याला घाम येतो. घाम आला की समजायचं, मूळ धरलं."

सुरुवातीला सायली रोज चुकायची आणि रोज रुसायची. रंगीत पुस्तक समोर असताना सगळं यायचं, पिशवीपुढे काही येईना. मला वाटलं, हे पोरीचा उरलासुरला धीर घालवणार. पण गौरी-गणपतीच्या सुमारास काय झालं, की ती भाकऱ्या थापता थापता मला हृदयाचे कप्पे सांगायला लागली. वरचे दोन, खालचे दोन, रक्त कुठून येतं नि कुठं जातं. मला! मी चौथी शिकलेली. तव्यावरची भाकरी करपली, पण मला सगळं समजलं. त्या दिवशी मी ओळखलं, ही पोरगी आता राहत नाही.

नाहीच राहिली. निकाल शहापूरला जाऊन काढला, कागद छातीशी धरून घरी आली. तिचं नाव यादीत! आमच्या वाडीतली पहिली नर्स होणार. मी शेजारपाजारी जाऊन तीन तीनदा सांगून आले, आणि कुणी विसरू नये म्हणून आठ दिवसांनी पुन्हा सांगून आले.

आता पुढचं ऐका. सायलीने शहापूरच्या स्टुडिओतून भावजींसाठी भेट आणली. आमच्या एका जुन्या लग्नाच्या फोटोतून पारूचा चेहरा मोठा करून घेतला, चौकट केली, वर चंदनाचा हार. पेढे वाटायला सगळी भावकी ओटीवर जमलेली. भावजींनी कागद सोडला, फोटो बघितला, आणि लगेच मांडीवर पालथा केला. तोंडातून एकच शब्द, "मिट." उठले, फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि परसात निघून गेले.

सायलीचा चेहरा एवढासा झाला. चुलत सासरे म्हणाले, "माणूस नाय, दगड हाय." मला तर संताप संताप झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोरीखालून गेले ती भांडायलाच.

"भावजी, तिसऱ्या खेपेला पास झालेल्या पोरीला रडवलंत. एवढी कसली अढी तुमची पारूवर?"

त्यांनी लोखंडी पेटी उघडली. आतून रुमालात गुंडाळलेला पारूचा लहानसा फोटो काढला, पालथाच. सोबत कॅलेंडरच्या मागे लिहिलेले कपटे. एकावर होतं, 'भुवईची खूण'. दुसऱ्यावर, 'हसताना कुठला दात'. खाली बारीक अक्षरात, 'दोनदा चुकलो'.

"वहिनी," ते म्हणाले, "इतिहासाचं पुस्तक मी एवढं बघितलं, एवढं बघितलं, शेवटी काय उरलं? फोटो भिंतीला लावला तर रोज दिसेल. रोज दिसला की वाटेल, हाय आपल्यापाशी. आणि एक दिवस डोळे मिटले तर काहीच नसेल. म्हणून मिटून ठेवतो. आधी आठवतो. मग उघडून बघतो काय चुकलं."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. सहा वर्षं मी या माणसाला कोरडा समजत होते.

"मग काल?"

"काल आठवायची पाळी नव्हती. अजून चार दिवस होते. एकदम समोर आली ना ती."

घरात तो मोठा फोटो अजून भिंतीकडे तोंड करून होता. गावभर प्रश्न विचारत फिरणारा हा माणूस, पण त्याला प्रश्न विचारणारं सहा वर्षांत घरात कुणी नव्हतं. मी पदर खोचला.

"मिटा ती पेटी. आता सांगा. भुवईची खूण कुठल्या बाजूला?"

"डाव्या. गवताचा भारा उतरवताना लागलं होतं."

"बरोबर. मीच हळद भरली होती. हिरवं पातळ नेसली की कुठं जायची?"

"म्हस्याच्या जत्रेला. तुमच्यासंगं." ते थोडं हसले. "आणि येताना बांगड्या लपवून आणायची."

"आता फोटोत नाय ते सांगा. तुमाला हाक काय मारायची?"

त्यांच्या डोक्याला खरंच घाम आला. त्यांना विसर पडला होता असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांत तो शब्द कुणी त्यांच्याकडून मागितलाच नव्हता.

"मास्तर," ते म्हणाले.

बरोबर. गाव शिपाई म्हणायचं, पोरं मामा म्हणायची, आणि ती एकटी दोरीपलीकडून ओरडायची, "अवं मास्तर, चहा निवतोय!"

सायलीला मी सगळं सांगितलं. तिने चौकट एका ओढणीत बांधून पेटीवर ठेवली. आता पाळीच्या दिवशी भावजी मला बोलावतात, मी विचारते, मग आम्ही दोघं मिळून ओढणी सोडतो. खिळ्याला पिशवीच आहे. सध्या तिच्यात माझ्या धाकट्या नातवाचे पाढे आहेत.

तर आता लवकर आमच्या गावी या एकदा. शहापूरहून शेणव्याची गाडी मिळते, थांब्यावर कुणीही घर दाखवील. हे मी जे सांगितलं त्यातलं किती राहिलं ते भावजी तुम्हाला विचारतीलच, तयारीने या. आणि दारात शिरताना हाक माराल ना, ती मास्तर म्हणून मारा.