आठ तासांत तेरा तास भरल्याची हकीकत

"मुतायला गेले ते कोणत्या रकान्यात मांडू, मावशी?" ऐसी कुरकुर उदगीर मुक्कामी सरकारी दवाखान्याच्या बायांच्या वॉर्डात, सुई टोचता टोचता, सत्यशीला सिस्टर यांनी पलंग नववरील केवळाबाईच्या कानाशी केली. केवळाबाईंनी मसलत दिली, "पाणीपुरवठ्यात मांड की माय."

कारण ऐसे की, बड्या कचेरीचे फर्मान आले, सिस्टर लोकांचा वेळ कोठे जातो याचा तक्ता भरावा, आणि जेथे वेळ शिलकी निघेल तेथील इसम अन्यत्र रवाना करावा. वॉर्डात रोगी चाळीस आणि सिस्टर एक; दुसरीची जागा दोन साले रिकामी. मग सिस्टरांनी इमानाने कलम चालविले. सुई देता देता नातलगांची समजूत काढली, तो वेळ दोन्ही रकान्यांत पुरता मांडला. खांद्याशी फोन धरून रजिस्टर लिहिले, तेही दोन्हींकडे मांडले. आणि आठ तासांच्या पाळीत तेरा तास भरले.

मग तपासनीस राजश्री शिवमूर्तीसाहेबांची स्वारी वॉर्डात दाखल जाहली आणि हुकूम सुटला की, ही बनवेगिरी, वेतनवाढ रोखावी. मेट्रन मातुश्री पंचफुलाबाई, ज्यांनी तीस साले वरून आलेल्या हर सवालास "होऊन जातंय साहेब" हाच जबाब गुदरला, त्या हळूच वदल्या, "सत्यशीला, पाच तास खोडून टाक. कटकट मिटंल."

सिस्टरांनी कलम उचलिले. सुई खोडावी तर रोगी मरतो, रजिस्टर खोडावे तर आपण मरतो. उरली ती समजूत. तीवर रेघ ओढणार, तोच पलंग बत्तीसवरील बाईने उलटीचा हल्ला चढविला. सिस्टर धावल्या, आणि धावता धावता केवळाबाईची सलाइनची बाटली, स्टँड मोडके म्हणोन, साहेबांच्या हाती देत्या जाहल्या.

"हात वर करा साहेब, रगत उलटं चढून राहिलंय," केवळाबाईंनी ताकीद दिली. साहेबांनी हात वर केला. वीस मिनिटे लोटली, खांदा भरून आला, साहेबांचा तपासणीचा कागद कोराच राहिला. अखेर साहेब कळवळून पुसते जाहले की, हे काम असते तरी कोणाचे?

सिस्टर बत्तीसपाशी उलटीने बरबटल्या हातांनी थबकल्या.

सबब नोंद करण्यात येते की, बुधवारी दुपारी सव्वाबारास, साहेबांचा हात वर असता, मोहीम फत्ते जाहली ती ऐसी की, मातुश्री पंचफुलाबाईंनी पदर सावरिला आणि जबाब दिला, "दुसऱ्या सिस्टरचं साहेब. ती न्हाई. आन् तिच्याबिगर आमच्यानं होत न्हाई."