सगळ्यांना एकच प्रश्न

तास संपायला पाच मिनिटं उरली की प्रा. गुंजाळ फळा पुसायचे आणि वर ठळक अक्षरांत लिहायचे, 'आज माझं काय चुकलं?' खाली स्वतःच्याच चुका मांडायचे. 'एक : मागच्या बाकांकडे पाहिलं नाही. दोन : विनोद जुना होता.' मुलंही सढळ हाताने भर घालायची. "सर, आज आलात हीच चूक झाली!" असं मागून कुणी ओरडलं, तर तेही शांतपणे तीन नंबरला लिहायचे.

बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. नगरच्या आमच्या कॉलेजात ते बी.कॉम.ला कर्मचारी व्यवस्थापन शिकवायचे आणि विभागप्रमुख होते. मी त्यांच्या हाताखालचा लेक्चरर. पण 'हाताखाली' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "हाताखाली टेबल असतं, शिंदे. तुम्ही शेजारी आहात."

चहा शिपायानेच का करायचा, असा प्रश्न त्यांना एकदा पडला. झालं! स्टाफरूममध्ये चहाचे वार लागले. गुंजाळांचा वार मंगळवार, त्या दिवशी निम्मी स्टाफरूम उपास धरायची. प्रिन्सिपॉलांचा शुक्रवार. ते घरून थर्मास भरून आणायचे आणि तो शिपायाकडून उचलवायचे. समता अशी आमच्यात हळूहळू मुरत होती.

तेवढ्यात शिपाई निवृत्त झाला. कॉलेजात पाणी भरणाऱ्या मालनबाई अकरा वर्षं रोजावर होत्या. दुष्काळात विहीर आटली तेव्हा दीड मैलावरून डोक्यावर हंडे आणून त्यांनी आमचे माठ भरले होते. शिपाई आजारी पडला की घंटाही त्याच द्यायच्या. ही जागा त्यांना हवी होती. उघड्यावर पडू नये एवढीच त्यांची आशा.

"बाईमाणूस शिपाई?" प्रिन्सिपॉल म्हणाले. "लोक हसतील."

गुंजाळ उसळले. "मुलाखती घेऊ! शास्त्रशुद्ध. बाई असो, पुरुष असो, सगळ्यांना एकच प्रश्न, मार्कही त्याच मापाने."

मुलाखत घेणारा उंच आणि देणारा खाली हे त्यांना मंजूर नव्हतं, म्हणून सगळे सतरंजीवर बसलो. प्रिन्सिपॉलांना बसवायला मी एकटा पुरलो, उठवायला मात्र दोघं लागलो. सगळ्यात जास्त मार्कांचा प्रश्न गुंजाळांच्या खास आवडीचा होता : "कामात तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा, आणि तिच्यातून काय शिकलात?"

मुलाखतीला आलेल्या श्रीगोंद्याच्या एका मॅट्रिक तरुणाचा चुलतभाऊ आमचा विद्यार्थी होता. त्याने आधीच पढवून ठेवलेलं. जन्मात कुठे नोकरी न केलेल्या त्या गड्याने कामातल्या तीन चुका सांगितल्या. तिसरीला डोळेही पुसले. गुंजाळ हेलावले.

मग मालनबाई आल्या. प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "माझी चूक? न्हाई सर. माझ्या हातनं कायबी चुकलं न्हाई."

"एखादी बारीकशी?"

"शप्पत न्हाई सर!"

गुंजाळांचं पेन थोडा वेळ थांबलं. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी शून्य दिलं. तरुणाचं नाव यादीत पहिलं लागलं.

त्या संध्याकाळी ते मला ओढतच मालनबाईंच्या घरी घेऊन गेले. बाईंनी घोंगडी अंथरली. गुंजाळांनी बसायच्या आधीच विचारलं, "खरंच एकही चूक नाही?"

"लई हायत की! परवा तुमचाच तास धा मिन्टं आदी सोडला. घड्याळच बगितलं न्हाई."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आवं सर, रोजावरच्या मानसानं चूक कबूल केली, की उंद्यापासनं येऊ नगं म्हनत्यात. तुमी परमनंट. तुमाला चुकायला परवडतं."

परतताना गुंजाळ सायकल हातात धरून सगळा रस्ता चालत आले.

पंधरवड्यात मालनबाईंना कायमची ऑर्डर मिळाली. त्या तरुणाला गुंजाळांनी स्वतः खेटे घालून राहुरीच्या एका दुकानात चिकटवून दिलं. आणि मी विभागप्रमुख झालो. माझी लायकी अखेर कुणाच्या तरी लक्षात आली असं समजून मी कॉलेजभर पेढे वाटले. गुंजाळांनी दोन घेतले.

खरी हकिगत प्रिन्सिपॉलांनी पुढे सहज सांगितली. "गुंजाळ आले, म्हणाले, यादी रद्द करा, प्रश्नच माझा चुकला. मी म्हटलं, वर काय सांगू? चूक प्रमुखाची म्हणायची तर प्रमुख बदलावा लागेल. तर म्हणाले, बदला."

मी तडक त्यांच्या खोलीवर गेलो. एकटा जीव. एक खुर्ची, एक कॉट, एक स्टोव्ह. स्टोव्हवर त्यांचा तो भयंकर चहा उकळत होता.

"सर, मला तरी सांगायचं होतंत."

"मालनबाईंना सांगू नका हं," ते घाईघाईने म्हणाले. "उपकार वाटतील त्यांना. मग त्या जपून जपून वागतील. आत्ता कुठे बाई बिनधास्त झाल्यात. काल दोन घंटा विसरल्या!"

हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी एकुलती एक खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः कॉटवर बसले. "बसा ना," म्हणाले. मला त्या पेढ्यांची इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या पायाशी फरशीवरच बसलो आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.