भुजंगकाका आणि अडकलेलं येसर

"ठाण्याच्या मॅडमला उंदरानं कुरतडलंऽऽ!"

लॉकडाऊन लागला तसा मी पुण्याहून लॅपटॉप उचलून लातूरला घरी आले. पहिल्याच सकाळी शेजारच्या गच्चीवरून ही आरोळी आली आणि माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. आई मात्र शांतपणे भाकरी थापत होती.

"आई, अगं कुणाला तरी उंदीर चावलाय!"

"चावला न्हाई, कुरतडलंय. पार्सल असंल," आई म्हणाली. "भुजंगकाका येसर विकायलेत आजकाल. मोबाईलवर."

भुजंगकाका म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. आयुष्यभर डाळमिलमध्ये वजनकाट्यावर काम केलं. लग्नाचं राहून गेलं. कसं राहिलं असं विचारलं, तर "तवा मिलमधी सीझन व्हता" एवढंच सांगत. रिटायर झाल्यावर त्यांनी त्यांच्या आईच्या हातचं येसर करायला घेतलं. भाजलेली डाळ, ज्वारी, गहू आणि मसाले एकत्र दळायचे. फोडणीच्या पाण्यात ते पीठ सोडलं की झाली आमटी. मिरची धर्माबादचीच लागे. दुसऱ्या कुठल्या मिरचीचं नाव काढलं, की काका अशी मान वळवत की जणू आपण शिवी दिली.

पार्सलाला पार्सल म्हणणं त्यांना जमतच नसे. ज्याचं पार्सल, त्याचंच नाव. त्यामुळे त्यांच्या गच्चीवरून दिवसभर भयंकर बातम्या येत. "अमरावतीचा वकील फुटला, त्याला चिकटपट्टी मारावं लागंल!" "कोल्हापूरच्या वैनी खाटंखाली गेल्या का काय?" घरात दुसरं कुणी नसताना ते हे कुणाला सांगत, असा प्रश्न गल्लीत कुणाला पडत नसे.

त्यात साथ आली. काकांनी प्रत्येक पार्सल एक दिवस गच्चीवर उन्हात ठेवायला सुरुवात केली. दोन पार्सलांमध्ये हातभर अंतर. वरून मच्छरदाणी. आणि पोस्टात न्यायच्या आधी प्रत्येकाला जुन्या धोतराचा मास्क. नाड्या मागून घट्ट बांधलेल्या.

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "काका, पार्सलाला मास्क कशाला?"

"तुमीच बोर्ड लावलाय की. मास्क असल्याबिगर आत यायचं न्हाई."

बाईंनी बोर्ड बघितला, पार्सल बघितलं आणि शिक्का मारला.

लोक घरात अडकलेले, हॉटेलं बंद, जिभेला चव नाही. त्यामुळे येसराला मागणी वाढली. फोटो काढायचे, मोबाईलवर टाकायचे, पत्ते इंग्रजीत लिहायचे, ही कामं हळूहळू माझ्याकडे आली. आणि नेमकी तेव्हाच पार्सलं अडकायला लागली. गाड्याच बंद. पोस्टातली माणसं तरी काय करणार? एकेक पार्सल मोबाईलवर आठवडेच्या आठवडे सोलापुरातच दिसे.

"काय करायलेत हे सगळे सोलापुरात?" माझ्या मोबाईलमध्ये वाकून काका विचारत. "हाटेलं बंद, थेटरं बंद. का कुणी सोयरा हाय तितं?"

मग गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. चिडलेले, ओरडणारे. मला वाटलं, काकांचा धंदा बसणार. पण काकांची फोन घेण्याची एक रीत होती. आधी समोरच्याला पोटभर बोलू द्यायचं. मधून मधून "हाव", "बराबर हाय", "मपलंच चुकलं". समोरचा दम खायला थांबला, की हळूच विचारायचं, "जेवलाव का?"

एवढ्यावर भलेभले विरघळत. औरंगाबादचा एक इंजिनियर पोलिसात जायची धमकी द्यायला लागला होता. बोलता बोलता तो बायको माहेरी अडकल्याचं सांगायला लागला आणि शेवटी काकांकडून वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर तो म्हणाला, "काका, मोहरी जळाली. आता?"

सगळ्यात मोठं प्रकरण झालं नाशिकच्या आजींचं. त्या मूळच्या आमच्या लातूरजवळच्या औशाच्या. किल्ल्याच्या अंगाला माहेर. ताप येऊन गेला आणि नाकाला वास येईनासा झाला. लेकानं फुलं आणली, अत्तर आणलं, कशाचाच उपयोग नाही. आजींनी सांगून टाकलं, माहेरचं येसर आणा, नाहीतर मला जेवायला वाढू नका. लेकानं ऑर्डर दिली, आणि पार्सल जाऊन बसलं सोलापुरात.

आजी स्वतःच फोनवर आल्या. "काय रे, लातूरहून नाशिक केवढं लांब? मी लग्न होऊन आले, तेव्हासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता!"

"आज्जी, तवा गाड्या चालू व्हत्या."

"मग तू चालत ये!"

काका खरंच विचारात पडले. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "चालत किती दिस लागतील गं, माय?" मी जोरात ओरडल्यावरच तो विषय मिटला.

त्यानंतर ते रोज सकाळी आजींना खबर द्यायला लागले. आमची गल्लीसुद्धा त्यात गुंतली. "सोलापूर सोडलं!" अशी आरोळी आली, तेव्हा समोरच्या सोनकांबळे सरांनी खिडकीत येऊन टाळ्या वाजवल्या. पुण्यात ते पुन्हा अडकलं, तेव्हा माझ्या आईनं माझ्याकडेच रागानं बघितलं. मी पुण्याला नोकरी करते, हा जणू माझा दोष.

शेवटी एकदाचं पार्सल पोचलं. काकांनी फोन स्पीकरवर टाकून गच्चीच्या कठड्यावर ठेवला. आम्ही आपापल्या गच्चीवर, मास्क लावून उभे. तिकडे फोडणी चरचरली. येसर पाण्यात पडलं.

"यायलाय का वास?" काका म्हणाले.

"नाही रे."

"जरा वाकून बघा."

"वाकले. नाही."

काकांचं तोंड एवढंसं झालं. सोनकांबळे सर उगीच आभाळाकडे बघायला लागले. तेवढ्यात फोनमधून अशी शिंक आली, की कठड्यावरची साळुंकी उडाली. मग दुसरी शिंक. मग तिसरी.

"वासाचं ठाऊक नाही," आजी खोकत म्हणाल्या, "पण मेल्या, नाकात झोंबलं!"

"झोंबलं म्हंजी नाक जित्तं हाय, आज्जी!" काका ओरडले. त्यांनी टोपी काढून हवेत उडवली. ती आमच्या गच्चीवर पडली आणि आईनं ती साबणाच्या पाण्यात बुडवूनच परत दिली.

पुढे आजींना हळूहळू वास यायला लागला. श्रेय डॉक्टरांचं की काकांचं, यावर आजी आणि काकांत फोनवर बराच वाद झाला. आजी डॉक्टरांच्या बाजूच्या.

मग हळूहळू सगळं उघडलं. गाड्या सुटल्या, पार्सलं वेळेवर पोचायला लागली. मी पुण्याला परत जायच्या आधी काकांची सोय करून ठेवली. पार्सल निघालं, की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज. मुक्कामाला पोचलं, मेसेज. घरी मिळालं, मेसेज. आता कुणी काकांना त्रास देणार नव्हतं, आणि मी स्वतःवर जाम खूश होते.

दिवाळीत घरी आले, तर गच्ची गप्प. कुणाला उंदीर कुरतडत नव्हता, वकील फुटत नव्हता. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "विक्री चांगली हाय म्हंत्यात. पर बोलंनात कुणाशी."

दुपारी काका आले. बराच वेळ माझ्या नोकरीबद्दल विचारलं, पुण्यातल्या पाण्याबद्दल विचारलं. उठून दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "माय, ते मेसेज बंद करता येतंय का?"

"का काका? चुकीचे जातायत का?"

"न्हाई, न्हाई. बराबर जायलेत. लईच बराबर." त्यांनी चपलेत पाय घातला, काढला, पुन्हा घातला. "सगळं मोबाईलच सांगायलाय. लोकं फोनच करंनात."

मी मोबाईल हातात घेतला.

"तसं कामाचं काय न्हाई गं," ते म्हणाले. "पर कोन तरी इचारायचं, कुठवर आलं म्हणून. शिव्या देयाचे, पर इचारायचे."

मी तिथल्या तिथे मेसेज बंद केले. काका नुसती मान हलवून गेले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी गच्चीवर केस वाळवत होते. शेजारी काकांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतका तावातावानं बोलत होता, की शब्द मलाही ऐकू येत होते. दोन दिवस झाले, ना फोन ना मेसेज, पार्सल कुठं आहे, काही पत्ता आहे का, ही काय पद्धत झाली?

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग पायानं खुर्ची ओढली, तान्ह्या पोराला सांभाळावं तसा तो फोन दोन्ही हातांत नीट धरला आणि म्हणाले,

"थांबा हं साहेब, जरा बसून बोलतो."