चौदावा पतंग

आफ्रिकेतल्या झाडांची पानं आतून पोखरणारे इवलेसे पतंग ओळखायचे आणि त्यांच्या जाती लावायच्या, हा यशोधनचा धंदा. धंदा कसला, वनवासच! तांदळाच्या दाण्याहून लहान तो जीव, त्याचं पोट कापून भिंगाखाली बघितल्याशिवाय जात ठरत नाही. मार्चपर्यंत एक तरी नवी जात सापडली नाही तर करार संपणार, सिंगापूरचा कामाचा पास जाणार आणि बुकित पंजांगमधलं बिऱ्हाड गुंडाळावं लागणार, असं त्याच्या साहेबांनी, चंद्रशेखर सरांनी, त्याला हसत हसत सांगितलं होतं.

म्हणून शनिवारी सकाळी तो केनियाहून आलेले वाळके पतंग जेवणाच्या टेबलावर मांडून बसला.

"अरे, पोहे कुठे ठेवू?" ऋता, म्हणजे त्याची बायको, वैतागली.

"कुठेही ठेव. केनियावर नको."

चिठ्ठीवर तेरा लिहिले होते, भरले चौदा. पाठवणाऱ्याला मोजता येत नाही, असं ठरवून यशोधनने चौदावा भिंगाखाली घेतला आणि खुर्चीतून उडालाच. आफ्रिकेच्या एकाही जातीशी तो जुळत नव्हता! फोटो मिळाल्यावर सरांनी तासाभरात त्या पतंगाला स्वतःचं नाव देऊन टाकलं आणि सोमवारी ऑफिसात केक कापला.

संध्याकाळी ऋताने फोनवर तो फोटो पाहिला. "अय्या, हा तर आपल्या कढीपत्त्यावरचा!"

"काहीतरीच काय!"

"कॉरिडॉरमधली कुंडी बघ, सगळी पानं पोखरलीत मेल्यांनी. शनिवारी एक तुझ्या दिव्यापाशी घोटाळत होता. मी फडका मारला, तो टेबलावर पडला."

"मग मला सांगायचं नाही?"

"घरात मारलेल्या प्रत्येक किड्याची तुला वर्दी देऊ?"

यशोधनने कुंडी पाहिली. पानावर तोच पतंग बसला होता. आफ्रिकेच्या तीनशे जाती तोंडपाठ, आणि दारातली एक ओळखता येऊ नये! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी त्याने सरांना सगळं खरं सांगितलं. सरांनी आधी दार लावून घेतलं.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"बायकोला."

"ती पतंगांतली आहे?"

"नाही, तांजोंग पगारला बँकेत आहे."

"मग मिटलं."

"पण सर, लोक दुसरा नमुना मागतील!"

"मागू देत. तुझा करार तीन वर्षं वाढवतो. केनियाला जा आणि शोध."

"अहो, तो तिथे नाहीच आहे! सापडेल कसा?"

सर खुर्चीत आरामात रेलले. "नाही सापडला तर अतिदुर्मिळ म्हणून जाहीर करू. मग आणखी पाच वर्षं."